दोनशेचा डबा बाराशेला
प्रश्न: ताई, मी दर बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून जुनी पितळी भांडी आणते आणि घासूनपुसून इन्स्टाग्रामवर विकते. परवा दोनशेचा डबा बाराशेला गेला तर सासूबाई म्हणाल्या, ही लूट आहे. खरंच?

उत्तर: अगं लूट कसली, चिंचेनं घासायचं, कल्हई करून घ्यायची, फोटो, पॅकिंग, कुरिअर, हे काय फुकट होतं का, आणि बोहारीण पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय करत आलीये! पण विकणाऱ्या आजींशी वर घासाघीस करत असशील तर ती बंद कर बाई. माणुसकीच्या भिंतीवरचं उचलून विकणं मात्र साफ चूक, ते गरजूंसाठी ठेवलेलं असतं. हां, अन् एखादी मूर्तीबिर्ती १०० वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं लायसन्सशिवाय तिचा धंदा करता येत नाही, तेवढं बघ.