केसपेपरवर ‘अपघात’ लिहिलंय का, ते आधी बघा

प्रश्न (गेवराई): भाच्याची मोटारसायकल रात्री उसाच्या उभ्या ट्रॉलीवर धडकली. त्याच्याकडे लायसन नव्हतं. पोलिसांचं झंझट नको म्हणून आम्ही दवाखान्यात ‘जिन्यावरून पडला’ असं सांगितलं. आता दीड लाखाच्या योजनेत बसत नाही म्हणतात. असं का?

उत्तर: कारण कागदावर तुमच्या भाच्याचा अपघात झालेलाच नाही.

ही केंद्राची कॅशलेस योजना 5 मे 2025 रोजी अधिसूचित झाली. मोटार वाहनामुळे रस्त्यावर जखमी झालेल्या कोणालाही तिच्यात दीड लाखापर्यंत मोफत उपचार मिळतात, अपघाताच्या तारखेपासून सात दिवस. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मात्र रुग्णालयाने योजनेच्या पोर्टलवर नोंद केल्यानंतर, हा रस्त्यावरचाच अपघात आहे याला पोलिसांचा दुजोरा लागतो. त्यासाठी साध्या दुखापतीत 24 तास आणि जिवावरच्या दुखापतीत 48 तासांची मुदत आहे. तुमच्या केसपेपरवर जिना असेल, तर पोलीस दुजोरा देणार कशाला?

लायसन नसल्याचा दंड वेगळा. त्याच्या भीतीने उपचारावर पाणी सोडू नका, हे आम्ही दर हंगामात सांगतो. गाळप सुरू झालं की मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि असे ‘जिने’ दोन्ही वाढतात.

आता करायचं ते असं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच लेखी अर्ज द्या. त्यात खरी हकीकत, ठिकाण, वेळ, जवळचा किलोमीटरचा दगड आणि ट्रॉलीचा नंबर लिहा. जुनी नोंद खोडायला सांगू नका, खाडाखोड दिसली की संशय वाढतो. तिच्याखाली तारीख-वेळेसह नवी नोंद घ्यायला सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करून घ्या. खबर द्यायची ती अपघात ज्या ठाण्याच्या हद्दीत झाला तिथे. माणूस बीडला भरती असला तरी अपघात गेवराईच्या हद्दीतला, तर तपास गेवराईचा. तुमचे सात दिवस मात्र नव्या नोंदीपासून नव्याने सुरू होत नाहीत, म्हणून अर्जाला उद्याची वाट बघू नका.

प्रश्न (अहमदपूर): जवळचा खासगी दवाखाना योजनेत नाही. तिथे न्यावं की थेट लातूर गाठावं?

उत्तर: रक्त थांबत नसेल, श्वास अडकत असेल, तर जवळचाच दवाखाना. योजनेबाहेरच्या रुग्णालयात रुग्ण स्थिर होईपर्यंतचे उपचारच योजनेत धरतात, पुढचा खर्च नाही. तिथून नेमलेल्या रुग्णालयात हलवा आणि निघताना रेफर चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर आल्याची वेळ, दिलेली औषधं आणि ‘आरटीए’ म्हणजे रस्ता अपघात, ही अक्षरं आहेत का ते बघा. दीड लाख ही दर रुग्णालयाची नव्हे, एका रुग्णाच्या एका अपघाताची मर्यादा आहे. दवाखाना बदलला म्हणून रक्कम नव्याने मिळत नाही. नेमलेलं रुग्णालय जवळ कोणतं, हे 112 वर विचारता येतं, रुग्णवाहिकाही तिथूनच मागता येते. 108 आहेच.

प्रश्न (औंढा नागनाथ): शेतात नांगरताना ट्रॅक्टर उलटला. हे बसेल का?

उत्तर: नाही. अपघात रस्त्यावरचा हवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रयत्न करा. त्या योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथे जा.

प्रश्न (तुळजापूर): धडक देऊन जीप पळाली, नंबर कोणीच पाहिला नाही.

उत्तर: उपचाराला त्याने अडत नाही, वाहन सापडो न सापडो. भरपाईची योजना निराळी आहे: गंभीर दुखापतीला 50,000 आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख. अर्ज पोलिसांकडे नाही, महसूलकडे. आपल्या भागाचे दावा चौकशी अधिकारी कोण, प्रांत की तहसीलदार, ते तहसीलमध्ये विचारून घ्या. एफआयआरची प्रत आणि दुखापतीचा दाखला सोबत ठेवा. दाखल्यात दुखापत ‘गंभीर’ असल्याचं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘पाय फ्रॅक्चर’ लिहिलं असेल, तर डॉक्टरांकडे परत एक फेरी ठरलेली.