पचडीत सफरचंद चालतं का?

पिल्ल्या,

काल तुझा मेसेज आला तेव्हा मी ट्राममध्ये उभी होते म्हणून नुसता अंगठा टाकला, आता अ‍ॅमस्टलव्हेनला घरी येऊन नीट लिहिते. शुक्रवारी ग्रोनिंगनला तुझ्या रूमवर सगळे काही ना काही करून आणणारेत, तुला आपली कोबीची पचडी करायचीये, तर त्यात फळं घातली तर ती मराठी राहते का आणि आपण मेयो का घालत नाही, असं विचारलंयस.

फळं खुशाल घाल गं. आजी थंडीत पिकलेल्या पेरूची कोशिंबीर करायची, दही आणि वर जिरं-मिरचीची फोडणी, अजून वास आठवतो मला. डाळिंबाचे दाणे तर आपण काकडीतही टाकतो. आणि कोबी हा शब्दच पोर्तुगीज 'कोउव्ह'वरून आलाय, अननसही त्यांच्याबरोबरच आला, मग सफरचंदानं काय घोडं मारलंय! कोलस्लॉ, ते मेयो घातलेलं कोबीचं सॅलड, पण तुमच्या डच 'कोलस्ला'चाच, कोल म्हणजे कोबी, स्ला म्हणजे सॅलड, हे तुला मी काय सांगणार.

मेयोचं म्हणशील तर त्याचं काम आपल्याकडे तिघं मिळून करतात, फोडणीचं तेल, दाण्याचं कूट आणि लिंबू. पचडी ताटात डावीकडे चमचा-दोन चमचे वाढायची, वरणभात खाताना मध्येच तोंडाला चव आणायला, म्हणून ती चटकदारच लागते, मेयोनं ती जड होते आणि मग कोबीची चवच लागत नाही.

तू ती टोकदार स्पिट्सकोल घे, साध्या कोबीपेक्षा कोवळी आणि गोड असते, कच्ची खायला तीच बरी. अर्धी पुरेल चार-पाच जणांना. खूप बारीक चिर, अगदी केसासारखी, इथे घाई करू नकोस, जाड राहिली की चावत बसावं लागतं. एक एल्स्टार सफरचंद सालासकट बारीक चिरून लगेच त्यावर एक लिंबू पिळ म्हणजे काळं पडत नाही. मग कोबी, डाळिंब, कोथिंबीर, एक चमचा साखर, दोन मोठे चमचे कूट. दोन चमचे तेलात मोहरी तडतडली की जिरं, हिंग, चिरलेली हिरवी मिरची, आणि टोकोत, म्हणजे तिथल्या एशियन किराणा दुकानात, कढीपत्ता मिळाला तर तोही, आणि ही फोडणी जरा निवली की मगच वर ओत. शेंगदाणे कोणाला चालत नसतील तर आधी विचारून घे हं, कुटाऐवजी ओलं खोबरं घाल, तेही छान लागतं.

अननस घालायचा असेल तर दही अजिबात नको, ताज्या अननसानं दही कडू होतं, मी एकदा पाहुण्यांसमोर केलंय हे आणि सगळं टाकावं लागलं.

आणि मीठ सगळ्यात शेवटी, सगळे ताटं घेऊन बसले की, कारण मीठ लागलं की कोबीला पाणी सुटतं आणि अर्ध्या तासात सगळं लिबलिबीत होतं. म्हणून सकाळी करून ठेवू नकोस, चिरून डब्यात फ्रीजमध्ये ठेव. फोडणी करताना व्हिडिओ कॉल कर, मोहरी नीट तडतडली की नाही ते मी इथून आवाजावरून सांगते.

आई