खालची अक्कलदाढ आडवी आहे आणि मूळ नसेला टेकलंय म्हणतात. काढली तर ओठ कायमचा बधिर होईल का?

सरासरी सांगायची तर कायमची बधिरता शंभरात एकाहूनही कमी जणांना येते. काही आठवडे किंवा महिने टिकणारी त्याहून बरीच जास्त जणांना. पण ही सरासरी सगळ्या अक्कलदाढांची झाली. 'मूळ नसेला टेकलंय' असं तुम्हाला सांगितलं असेल, तर तुमचा धोका तुमच्या ओपीजीवरूनच, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवरूनच ठरेल.

त्यात तीन गोष्टी बघायच्या. नसेच्या नळीवर (जबड्याच्या हाडातल्या ज्या बोगद्यातून ओठाची नस जाते त्यावर) आलेलं मूळ तिथेच काळपट दिसतंय का, नळीची पांढरी कड तिथे तुटलीय का, आणि नळी मुळाजवळ वळण घेतेय का. रूड आणि शेहाब या संशोधकांनी 1990 मध्ये एक्स-रेतल्या सात खुणा तपासल्या, त्यांतल्या या तिन्हींचा नसेच्या इजेशी सर्वांत घट्ट संबंध निघाला. यांतली एकही नसेल, तर मूळ नळीवर आलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. ओपीजी सपाट असतो, मूळ नळीच्या गालाकडे आहे की जिभेकडे हे त्यात कळत नाही. खूण असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढा. नळी मुळांच्या जिभेकडून किंवा दोन मुळांमधून जात असेल आणि मध्ये हाडाचा पापुद्राही उरला नसेल, तर धोका खरा आहे. मात्र नुसता सीबीसीटी काढल्याने इजा कमी झाल्याचं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही. तो पाहून शस्त्रक्रिया बदलणार असेल तरच त्याचा उपयोग.

ओठाची नस फक्त संवेदनेची आहे. बधिर झाला तरी ओठ हलतो, चेहरा वाकडा होत नाही.

जिभेबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. फारसं कोणी विचारत नाही, आणि मला ते खटकतं. जिभेची नस हाडात नसते, त्यामुळे एक्स-रेत किंवा सीबीसीटीत दिसत नाही. काहींच्यात ती हाडाच्या काठाच्याही वर असते. तिला इजा होते ती बहुतेक वेळा काढणाऱ्याच्या हातून. दाढेमागे जबडा बाहेरच्या बाजूला वळतो, म्हणून मागचा छेद गालाकडे न्यायचा. दातांच्या रांगेत सरळ मागे नेला की सुरी हाडावरून जिभेकडे घसरते. दाढ कापताना बर (ड्रिलचं फिरतं पातं) आरपार घालायचा नाही. साधारण पाऊण रुंदी कापून उरलेला भाग खाचेत एलिव्हेटर (दात उचकटायचं चपटं हत्यार) फिरवून तोडायचा. जिभेकडचं हाड फोडून दाढ त्या बाजूने काढण्याची जुनी पद्धत मला अजिबात मान्य नाही.

आता कोरोनेक्टॉमी, म्हणजे दाढेचा फक्त वरचा भाग (क्राउन) काढून मुळं आतच ठेवणं. 'मुळं आत ठेवणं म्हणजे अर्धवट काम' हे आमच्या व्यवसायातल्या ज्येष्ठांकडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर इथेच देतो. हे काम अर्धवट नाही, ठरवून थांबलेलं आहे. क्राउन कापून काढायचा, मुळं हाडाच्या काठापासून सुमारे 3 मिलिमीटर खाली घासायची, इनॅमलचा तुकडाही ठेवायचा नाही, रूट कॅनाल करायची नाही, हिरडी पूर्ण शिवून टाकायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुळं हलता कामा नयेत. हलली तर ती काढावीच लागतात, आणि मग नस वाचवण्याचा हेतूच संपतो. हे बहुधा क्राउन तोडताना जास्त जोर लावल्याने होतं. राहिलेली मुळं पुढच्या एक-दोन वर्षांत दोन-तीन मिलिमीटर वर सरकतात, म्हणजे नसेपासून दूर जातात. थोड्या लोकांची पुढे काढावी लागतात, पण तोवर नस वाटेत नसते. काळपट मूळ आणि तुटलेली कड दिसत असताना जो सर्जन या पर्यायाचं नावही काढत नाही, त्याच्याकडून घाई करून घेऊ नका.

पण तुम्ही 'आडवी' लिहिलंय. दाढ खरोखर नळीला समांतर झोपलेली असेल, तर क्राउन कापतानाच बर नसेजवळ जातो. मग हा मार्ग नको. मुळाशी संसर्ग असेल, दाढ हलत असेल किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तरीही नको. आणि दाढ दुखत नसेल, किडलेली नसेल, शेजारच्या दाढेला त्रास नसेल, तर काढायचीच कशाला? ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2000 मध्येच अशा दाढांना हात लावू नका असं सांगितलंय.

काढलीच तर दुसऱ्या दिवशी भूल उतरल्यावर ओठ, हनुवटी आणि जीभ स्वतः तपासा. बधिर भाग पेनाने आखून फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा. मुळाचा तुकडा नळीत गेला असेल, तर तो काढायला पहिले एक-दोन दिवसच मोलाचे असतात. बी-12 च्या गोळ्या घ्यायला हरकत नाही, पण तुटलेली नस त्यांनी जुळत नाही. तीन महिन्यांत जिभेची संवेदना अजिबात परतली नाही, तर नस उघडून जोडणाऱ्या सर्जनला दाखवा. 'वर्षभर वाट बघा' हा सल्ला इथे ऐकू नका.