‘अनटेस्टेड’ कीबोर्डांचा लॉट: घेण्याआधी आणि आल्यावर

ऑनलाइन २५ जुन्या कीबोर्डांचा ‘अनटेस्टेड’ लॉट दिसतोय, फोटो दोनच आहेत. भाव कसा ठरवू? (इंदिरानगर)

‘अनटेस्टेड’ म्हणजे लावून बघितले आणि चालले नाहीत, असंच धरून चाला. ऑफिसातून निघालेल्या ढिगात बहुतेक माल रबर डोमचा (बटणाखाली रबराची टोपी असलेला) असतो, त्याची किंमत शून्य धरा. पैसे मेकॅनिकलचे, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच किंवा स्प्रिंग असलेल्यांचे. विक्रेत्याकडून प्रत्येकाच्या मागच्या लेबलचा आणि एका बटणाची कॅप काढून आतल्या दांड्याचा फोटो मागवा. अधिक चिन्हासारखा दांडा म्हणजे चेरी कंपनीचा एमएक्स स्विच. जुन्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डमध्ये हेच स्विच, निळ्या दांड्याचे. आयताकृती खाच असेल तर आल्प्स कंपनीचा स्विच. नळीत उभी स्प्रिंग दिसली तर आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड. चेरीचं लेबल नीट वाचा: जी८० म्हणजे एमएक्स, जी८३ म्हणजे रबर डोम, आणि बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात.

समजा लॉट ६,००० चा आणि कुरिअर १,५००. ओळख पटलेले मेकॅनिकल पाच, त्यातले दोन फक्त सुट्या भागांच्या कामाचे निघतील असं धरा. म्हणजे चालू कीबोर्ड २,५०० ला पडला. तो भाव पटत नसेल तर सोडून द्या. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तरी सोडून द्या.

काहींना मोठी गोल पाच पिनांची जॅक आहे, एकाला फोनच्या वायरसारखी. साधा यूएसबी अडॅप्टर लावला, काहीच होत नाही. मेले का? (सातपूर)

तेवढ्यावरून मेले म्हणता येत नाही. तो स्वस्त अडॅप्टर नुसत्या तारा जोडतो. कीबोर्डला मुळात यूएसबी कळत असेल तरच चालतो. जुन्यांना आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

पाच पिनांचे दोन प्रकार, जुन्या पीसींच्या नावांवरून: एटी आणि एक्सटी. एटीची भाषा पीएस/२ (यूएसबीआधीची छोटी गोल जॅक) चीच, त्यामुळे साधा जोड लावून तो पीएस/२ पोर्टवर चालतो. एक्सटीची भाषा वेगळी. काही कीबोर्डांच्या तळाशी एक्सटी-एटी असा छोटा स्विच असतो, तो आधी बघा. दोन्हींसाठी प्रो मायक्रो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर ‘सोअरर’ नावाचं फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्रॅम) टाकून कन्व्हर्टर बनतो. क्लॉक, डेटा, पाच व्होल्ट, ग्राउंड, एवढ्या चारच तारा. फोनसारखी जॅक बहुधा जुन्या टर्मिनलच्या कीबोर्डची. ती नेटवर्क पोर्टात अजिबात घालू नका.

वीज देण्याआधी मल्टिमीटर लावा. पीएस/२ मध्ये पिन ३ ग्राउंड, ४ पाच व्होल्ट. मोठ्या जॅकमध्ये ४ ग्राउंड, ५ पाच व्होल्ट. या दोघांत शॉर्ट दिसला तर आधी केबल तपासा. पीएस/२ चालू मशीनवर काढू-घालू नका, मदरबोर्डचं पोर्ट जाऊ शकतं.

टीव्हीएस गोल्डवर एकदा दाबलं की ‘क’ दोनदा उमटतो. दुसऱ्या एकावर एक आख्खी ओळ बंद आहे. (पंचवटी)

दोन्ही दुखणी वेगळी. दोनदा उमटणं म्हणजे त्या एका स्विचचा कॉन्टॅक्ट मळलेला. कीबोर्ड बंद ठेवून ते बटण शंभरेक वेळा दाबा. फरक नाही पडला तर स्विच बदला: दोनच पाय डिसोल्डर करायचे, मग वरून उचलायचा.

ओळच्या ओळ बंद असेल तर स्विचना हात लावू नका. सर्किटवरची रेघ तुटलेली असते किंवा मेम्ब्रेनची (बटणांखालच्या, सर्किट छापलेल्या पातळ प्लास्टिकची) पट्टी कनेक्टरमधून सरकलेली. शेजारची चार-पाच बटणं झोपली असतील तर चहा सांडला होता असं समजा.

मॉडेल एम हलवून बघा. आत खडखडलं तर आतले थर एकत्र धरणारे प्लास्टिकचे रिव्हेट तुटलेत. मागचे स्क्रू ५.५ मिमीच्या, पातळ भिंतीच्या लांब नटड्रायव्हरने निघतात. रिव्हेटच्या जागी दीड मिमीचं ड्रिल मारून एम२, ८ मिमीचे स्क्रू-नट लावतात. काम किचकट आहे, पण कीबोर्ड पुन्हा घट्ट होतो.

पावसाळ्यात मागवू का? (सिन्नर)

मागवा, पण पॅकिंग आधी ठरवून घ्या. दोन कीबोर्डांमध्ये पुठ्ठा, बटणं समोरासमोर नकोत, केबल बटणांवरून गुंडाळलेली नको. ती मुळाशी तुटते. बाहेरून प्लास्टिक. खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, परताव्याच्या वादात कामी येतो. ओल लागलेला कीबोर्ड दोन दिवस पंख्याखाली उघडा ठेवा, मगच लावा.