वाचकांचे प्रश्न : जिम थॉर्प आणि फुटबॉल

प्रश्न : जिम थॉर्प यांचे नाव मी केवळ ऑलिम्पिक विजेते म्हणून ऐकले होते. ते मुळात महाविद्यालयीन फुटबॉलमुळे गाजले, हे खरे आहे काय? त्यांची पदके का काढून घेतली गेली?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : होय, खरे आहे. मात्र हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ. सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीतील थॉर्प पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे शिकत होते. ती आदिवासी मुलांसाठी चालवलेली सरकारी निवासी शाळा होती. तरीही पॉप वॉर्नर यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा संघ मोठमोठ्या विद्यापीठांशी सामने खेळत असे. 1911 मध्ये या संघाने बलाढ्य हार्वर्डला 18-15 असे हरवले, तेव्हा दुखऱ्या पायाने खेळणाऱ्या थॉर्प यांनी चार वेळा चेंडू लाथेने गोलखांबांमधून पार केला होता. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा 27-6 असा पराभव झाला. त्या पराभूत संघात भावी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर होते.

त्याच 1912 साली स्टॉकहोममध्ये झालेल्या ऑलिम्पिकमध्ये थॉर्प यांनी पेंटॅथलॉन (पाच मैदानी प्रकारांची) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. परंतु 1909 व 1910 च्या उन्हाळ्यात ते किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळले होते, हे जानेवारी 1913 मध्ये उघड झाले आणि खेळासाठी पैसे न घेणाऱ्या हौशी खेळाडूंनाच ऑलिम्पिकमध्ये प्रवेश देणारा तेव्हाचा नियम मोडल्याचे कारण देऊन पदके परत घेण्यात आली. क्रिकेटपटू कर्नल सी. के. नायुडू यांना होळकरांनी सैन्यात हुद्दा देऊन इंदुरात आणले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. खेळाडूला पोट असते, हे त्या दरबाराला समजत होते. थॉर्प यांच्या बाबतीत तर नियमाचे रक्षकच नियम विसरले, कारण हरकत घेण्याची 30 दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. माझ्या मते हा उघड अन्याय होता.

पुढे ते व्यावसायिक बेसबॉल व फुटबॉल खेळले. आजच्या नॅशनल फुटबॉल लीगचे मूळ असलेली संघटना 1920 मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच झाले. 1953 मध्ये त्यांचे निधन झाले. 1983 मध्ये त्यांच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती मिळाल्या, पण विजेतेपद इतरांसह विभागूनच राहिले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्यांना दोन्ही स्पर्धांचे एकमेव विजेते मानले ते जुलै 2022 मध्ये.