नाशिकमध्ये पंचवटी, त्र्यंबक आणि वायनरी सोडून वेगळं काय बघता येईल?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये कामासाठी चार दिवस नाशिकला येताय, पंचवटी-त्र्यंबक-वायनरी मागच्या वेळी झालंय आणि आता बाहेरचे लोक जात नाहीत असं काहीतरी हवंय. मग आधी कॅलेंडर काढा आणि रंगपंचमी कधी आहे ते बघा, जमलं तर तिकीटच त्या हिशोबाने काढा.

माझं लहानपण जुन्या नाशकात तिवंध्याजवळ गेलं. त्या चौकात एरवी उभे राहिलात तर रिक्षा, हातगाड्या आणि हॉर्न, बाकी काही नाही. पण रस्त्याखाली एक मोठा दगडी हौद आहे, त्याला आम्ही रहाड म्हणतो, पेशवाईतली आहे असं सांगतात. वर्षभर लाकडं टाकून वर माती लोटून बुजवलेली असते आणि तिच्यावरून बिनधास्त गाड्या जातात. रंगपंचमी जवळ आली की खोदून उघडतात, साफ करतात, फुलं उकळून रंग करतात, पूजा होते, मानकऱ्याची पहिली उडी पडते आणि मग जो तो उड्या मारतो. उडीला धप्पा म्हणतात. अंग आखडून असं आपटायचं की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत, तेच तर कौशल्य. तिवंध्याची रहाड पिवळी, पंचवटीत शनी चौकाची गुलाबी, असा प्रत्येकीचा आपापला रंग. मी दहावीत पहिला धप्पा मारला, घरी न सांगता, पण कानामागचा पिवळा रंग चार दिवस गेला नाही त्यामुळे सांगायची गरजच पडली नाही 😄

रंगपंचमी जुळत नसेल तर पांडवलेणी. हो, माहितीये, ती काय लपलेली जागा नाही, पण लोक पायऱ्या चढतात, सेल्फी काढतात आणि उतरतात. तुम्ही १० नंबरच्या लेण्यात जा आणि व्हरांड्यातला ब्राह्मी लेख बघा. वाचता येणार नाही, मलाही येत नाही, पण त्यात काय लिहिलंय ते डोक्यात ठेवून बघा. नहपान राजाचा जावई उषवदात, त्याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडे ठेवले, २००० महिना शेकडा एक व्याजाने आणि १००० पाऊण टक्क्याने, आणि अट अशी की मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशोब करा, २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि लेखात वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२, बरोबर जुळतं! म्हणजे सरळसरळ एफडी आहे हो ही, पावती दगडावर कोरलेली. गोवर्धन गाव अजून आहे, गंगापूर रोडला.

मग ३ नंबरला या. तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलाने नहपानाच्या घराण्याचा कसा निकाल लावला ते त्यात अभिमानाने सांगितलंय. आणि १९०६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारून घेतलेला. हे डोक्यात बसलं की त्र्यंबक रोडला अंजनेरीजवळची नाणी संशोधन संस्था पण करा, तिथे नाण्यांचं म्युझियम आहे, जायच्या आधी वेळ मात्र विचारून घ्या.

देवळाली कॅम्पला निवांत संध्याकाळी चक्कर मारा. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला डूलाली म्हणतात तो शब्द या देवळालीवरूनच आला, मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर इथे पडून असायचे म्हणून. बघण्यासारखं फार काही नाही, पण जुने बंगले आणि झाडी छान.

बुधवार हाताशी असेल तर सकाळी गंगेवर जा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो), घाटावर आठवडे बाजार भरतो. तिथेच रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती दिसेल. मार्चमध्ये तो नुसताच उभा असतो, पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक त्याच्यावरून पूर मोजतं, गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का. आकडे कितीही क्युसेक असू देत, आमच्या आईला फोनवर मारुतीचंच सांगावं लागतं. २०१९ ला तर डोक्यावरून पाणी गेलं होतं.

तारखा पक्क्या झाल्या की कमेंटमध्ये टाका. रंगपंचमी सापडत असेल तर कुठल्या गल्लीतून शिरायचं ते सांगतो, कारण त्या दिवशी मेन रोडकडून गाडी आत नेणं विसरा, आणि मोबाईल हॉटेलवर ठेवून या.