टर्बो गाडीसाठी घरच्या घरी इंटरकूलर बनवून बसवता येईल का?

आपण विचारले आहे की, १.८ लिटरच्या आणि मुळात इंटरकूलर नसलेल्या टर्बो पेट्रोल गाडीला घरी बनवलेला इंटरकूलर (टर्बोने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा भाग) बसवता येईल का, आणि त्यासाठी जुना रेडिएटर किंवा एसीचा कंडेन्सर चालेल का. मी असे दोन इंटरकूलर बनवले आहेत. पहिला फसला, दुसरा अजून गाडीवर आहे. त्यावरून सांगतो की बनवता येतो, पण त्याचा कोअर, म्हणजे नळ्या आणि फिन (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) यांचा मधला ठोकळा, इंटरकूलरसाठीच बनवलेला असा तयार घ्यावा. कोअरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या, पाइप आणि गाडीवरची बैठक एवढेच घरी करावे, आणि तेवढे काम पुरून उरते.

कंडेन्सरच्या वाटा शीतकासाठी आखलेल्या, अतिशय अरुंद असतात. इंजिनाला लागणारी सगळी हवा त्यांतून ढकलायची म्हटले तर टर्बोने कमावलेला दाब तिथेच खर्च होतो. रेडिएटरची अडचण वेगळी आहे. पाणी आपली उष्णता नळीच्या भिंतीला सहज देते, त्यामुळे त्या नळ्या आतून रिकाम्या ठेवल्या तरी चालते; हवेकडून उष्णता काढून घ्यायची तर नळीच्या आतही फिन लागतात, आणि त्या रेडिएटरमध्ये सहसा नसतात.

दाब वाया जाणे हा मुद्दा मी पहिल्या वेळी हलक्यात घेतला होता, म्हणून थोडा हिशेब मांडतो. बाहेरची हवा ३० अंश सेल्सियस आहे, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ०.७ बार आहे आणि कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ७० टक्के आहे असे धरले, तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १०० अंशांची असते. बऱ्यापैकी इंटरकूलर त्या हवेचे आणि बाहेरच्या हवेचे जे अंतर आहे, त्यातले ७० टक्के कमी करतो, म्हणजे इंजिनाकडे सुमारे ५१ अंशांची हवा जाते. दाब अजिबात कमी झाला नाही तर हवेची घनता यामुळे सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. इंटरकूलर आणि पाइप यांत मिळून ०.१ बार दाब गेला तर वाढ ८ टक्क्यांवर येते, आणि ०.२ बार गेला तर जेमतेम दीड टक्का उरते. माझ्या पहिल्या इंटरकूलरमध्ये इंजिनाच्या जास्त फेऱ्यांवर बरोबर ०.२ बार जात होता. हवा गार होत होती, नॉकिंगही (सिलिंडरमधले मिश्रण आपोआप पेटून होणारी ठोकठोक) कमी झाले होते, पण ताकदीत फरक जाणवेना आणि कारण कळायला मला बरेच दिवस लागले.

दोष कोअरचा नव्हता, मी केलेल्या टाक्यांचा होता. त्या सरळ डब्यासारख्या चौकोनी होत्या आणि पाइप एका कोपऱ्यात काटकोनात घुसत होता, त्यामुळे हवा समोरच्या मोजक्या नळ्यांमधूनच जात होती आणि बाकीचा कोअर नुसता शोभेला होता. टाकी पाइपाच्या तोंडाशी रुंद आणि दूरच्या टोकाकडे निमुळती होत गेलेली असावी, म्हणजे हवा सगळ्या नळ्यांत साधारण सारखी वाटली जाते. शिवाय एकाच आकाराच्या कोअरमध्ये थोड्या लांब नळ्यांपेक्षा पुष्कळ आखूड नळ्या असलेला कोअर दाब कमी खातो; म्हणून जागा असेल तर टाक्या डावी-उजवीकडे घेण्याऐवजी वर-खाली घेण्याचा विचार जरूर करावा.

टाक्यांसाठी ३ मिलिमीटर जाडीचा ५०५२ जातीचा अॅल्युमिनियम पत्रा घ्यावा. ६०६१ कडक अवस्थेत वाकवताना कडेला तडकतो. जोडकाम एसी (प्रत्यावर्ती) करंटवर, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली टिग (टंगस्टनच्या टोकाने होणाऱ्या) वेल्डिंगने होते. भरणीची सळई ४०४३ जातीची बरी, कारण ५३५६ सतत ६५ अंशांच्या वर तापणाऱ्या जागी टिकाऊ मानत नाहीत. वेल्डिंगचा हात बसलेला नसेल तर टाक्या कापून, वाकवून, टाचून स्वतः तयार ठेवाव्यात आणि शेवटचा जोड जाणकाराकडून करून घ्यावा. कोअरचे आतले जोड ब्रेझिंगचे, म्हणजे मूळ धातू न वितळवता भरणीचा धातू वितळवून केलेले, असतात आणि ते ६०० अंशांच्या आसपासच वितळतात. एकाच जागी वेल्डिंगची उष्णता रेंगाळली तर बाहेरचा जोड सुबक दिसतो आणि आतला सुटलेला असतो.

वेल्डिंगनंतर गळती तपासताना घाई करू नये. दोन्ही तोंडे बंद करून, रेग्युलेटर लावून, बूस्टच्या दीड ते दोन पटीपर्यंत हळूहळू दाब भरावा आणि इंटरकूलर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. ५७ मिलिमीटरच्या तोंडावर १.५ बार दाब म्हणजे बुचावर जवळजवळ ३९ किलोचा जोर असतो, म्हणून दोन्ही बुचे आरपार सळईने आवळून ठेवावीत आणि त्यांच्या समोर कोणी उभे राहू नये. नंतर आतला सगळा कीस धुऊन, हवा मारून काढावा. गाडीचा एअर फिल्टर टर्बोच्या आधी असतो. इंटरकूलरमध्ये राहिलेला कण थेट सिलिंडरमध्ये जातो, वाटेत त्याला अडवणारे काही नाही. जुना कोअर घेतला असेल आणि त्या गाडीचा टर्बो फुटलेला असेल, तर तो कोअर कितीही धुतला तरी मी वापरणार नाही.

आपल्या इंजिनाला ५७ मिलिमीटरचा पाइप पुरेसा आहे. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर त्यातून हवा सुमारे ३५ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. त्याहून मोठ्या व्यासाचा पाइप घेऊन आतली पोकळी वाढते, फायदा फारसा होत नाही. पाइपाच्या टोकांना उभार (कडेभोवती वर आलेला गोल कंगोरा) काढून घ्यावा, नाहीतर बूस्ट चढला की सिलिकॉनचा होज सटकतो. इंजिन हलते आणि इंटरकूलर चासीला धरलेला असतो, म्हणून बैठकीला रबर हवे आणि पाइपांमध्ये होजचे लवचिक सांधे हवेत. जागा करण्यासाठी बंपरमागचा लोखंडी आडवा दांडा मात्र कापू नये, तो अपघातात आघात झेलण्यासाठी असतो. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे येत असेल तर बाजूच्या फटी फोमने किंवा पत्र्याने बंद कराव्यात. वाट मोकळी मिळाली तर हवा कोअरमधून न जाता कडेने निघून जाते. उन्हाळ्यात इंजिनाच्या तापमानावर काही दिवस नजर ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) दाब आणि तापमानावरून हवेचा अंदाज घेत असेल, तर हवेचे तापमान मोजणारा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला हलवायलाच हवा. तो टर्बोलगत राहिला तर ईसीयूला हवा १०० अंशांची वाटते, प्रत्यक्षात ती ५१ अंशांची आणि जास्त घन असते, आणि पेट्रोल कमी पडून पिस्टन जळू शकतो. गाडीत हवेचे वजन मोजणारा सेन्सर असेल तर हा प्रश्न येत नाही, पण मग सेन्सरनंतरची बारीकशी गळतीसुद्धा मिश्रण बिघडवते, आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (अॅक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) हवा बाहेर न सोडता टर्बोच्या आधी परत जोडावी लागते. वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) दाबाची नळी मी कॉम्प्रेसरमधून हवा निघते त्या तोंडाशीच ठेवली आहे. ती मॅनिफोल्डवर (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांच्या जोडावर) नेली तर वाटेत गेलेला दाब भरून काढायला टर्बो मूळ आखणीपेक्षा जोरात फिरतो.

बसवल्यावर इंटरकूलरच्या आधी आणि नंतर दाब व तापमान दोन्ही मोजावे, आणि तेही दहा सेकंदांच्या धावेवर नव्हे. वरच्या हिशेबात कोअर सुमारे ७ किलोवॅट उष्णता घेतो. ५ किलो अॅल्युमिनियम पहिल्या दहा सेकंदांत ती बरीचशी स्वतःच शोषून घेते आणि सुमारे १५ अंशच तापते, त्यामुळे वाईट इंटरकूलरही थोडा वेळ चांगला वाटतो. लांब चढावर, भरल्या गाडीने, दोन-तीन मिनिटांनी जे आकडे दिसतात ते खरे धरावेत.